बाकांच्या पायांच्या खुणा

रावपुऱ्याकडच्या एका जुन्या शाळेच्या ट्रस्टने मला बोलावलं ते स्मार्ट बोर्डासाठी. सोबत फॉल्स सीलिंग, रंगरंगोटी. अर्ध्या तासात मापं उरकायची म्हणून टेप घेऊन गेलो, तर चौथीच्या बाई म्हणाल्या, "मापं नंतर. आधी जरा मागे बसून बघा."

डिसेंबरची सकाळ. शेवटच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबले. साडेआठच्या सुमारास पुढच्या रांगा उठल्या आणि बाकं सरकवू लागल्या. बाईंचं शिकवणं चालूच. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, सरका ना. बारीतून ऊन येतं, फळा दिसत नाही." (आम्हा बडोदेकरांची खिडकी म्हणजे बारीच, पुण्याचे पाहुणे हसतात.)

खाली पाहिलं. प्रत्येक बाकाच्या पायांनी लादीत दोन-दोन जागी खळगे पाडलेले, मधे ओरखडे. किती बॅचेस सरकल्या असतील!

फळा उत्तरेच्या भिंतीवर, खिडक्या पूर्वेला, त्याही फळ्याच्याच बाजूला. थंडीतलं आग्नेयेचं ऊन थेट फळ्यावर. शिवाय उजेड मुलांच्या उजवीकडून, म्हणजे लिहिताना स्वतःच्याच हाताची सावली वहीवर. फळा तिथे का, तर दारावरून जाताना हेडमास्तरांना सगळे चेहरे दिसावेत! वर्ग मुलांसाठी नव्हे, राखणीसाठी आखलेला. मीही आजवर असेच आखत आलोय, बाक किती मावतात एवढंच मोजून. शिक्षण हक्क कायदा (२००९) दर शिक्षकामागे एक वर्गखोली मागतो, स्वच्छतागृह मागतो; वहीवर उजेड कुठून पडतो ते विचारत नाही.

उपाय अगदी साधा होता. फळा दक्षिणेच्या भिंतीवर न्यायचा, बाकं फिरवायची. उजेड डावीकडून, ऊन पाठीमागे.

ट्रस्टच्या खोलीत सयाजीराव महाराजांची तसबीर आहे. १८९३ मध्ये महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केलं, हे तिथल्या काकांनी मला चहाबरोबर दोनदा ऐकवलं. मग माझा नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे नुसता फळाच हलवायचा?"

"हो. आणि स्मार्ट बोर्ड घ्यायचाच असेल तर तोही तिथेच."

"मग तुमची फी कशाची, भाऊ?"

बाई दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून हसल्या.