दुपारीच का जातं नेट?

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी नेट दुपारी बारानंतर अडखळायचं आणि रात्री ठणठणीत चालायचं. मी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, सुट्टीतली बॅच दुपारचीच. अर्ध्या प्रमेयात आवाज तुटला की मुलांची लय जाते, ते मला सहन होत नाही.

केबलवाल्यांकडचा मुलगा यायचा ऊन उतरल्यावर. "ताई, आता तर चालू आहे ना जी. राउटर बदलून पाहा." त्याचं खोटं नव्हतं, त्या वेळी खरंच चालू असायचं.

राउटर बदलण्याआधी मी तो मधून काढला आणि लॅपटॉप लॅन केबलनं थेट मोडेमला, म्हणजे केबलमधून नेट काढून देणाऱ्या डब्याला, लावला. असं करताना मोडेमची वीज बंद करून पुन्हा द्यायची. बहुतेक केबल मोडेम सुरू होताना जे उपकरण आधी दिसेल तेच धरून बसतात. वीज काढली नाही तर लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी पत्ता घेतो, म्हणजे पलीकडून काही मिळालेलंच नसतं.

थेट जोडूनही दुपारी तेच. म्हणजे दोष वायफायचा नव्हता.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं. बहुतेक केबल मोडेमचं स्वतःचं पान या पत्त्यावर असतं, नेट बंद असलं तरी उघडतं. तिथली डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे घरात येणाऱ्या सिग्नलचा जोर, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (हे त्या जोराचं माप) मध्ये असावी. उणे १५ ही शेवटची हद्द. आमच्याकडे रात्री उणे १०, दुपारी दोनला उणे १४! एसएनआरही, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ त्याचा आकडा, ३३ च्या खाली आलेला.

तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो आणि कोअॅक्स केबलमध्ये, म्हणजे टीव्हीच्या त्या जाड गोल केबलमध्ये, सिग्नल जास्त झिजतो. नागपुरात पारा ४५ च्या घरात, आणि आमची काळी केबल खांबापासून गच्चीभर उघड्या उन्हात. पण आधीच सिग्नल काठावर नसता तर एवढ्यानं नेट गेलं नसतं. तो काठावर का होता, ते जिन्यात सापडलं. वर-खाली दोन टीव्ही होते तेव्हाचे दोन स्प्लिटर, म्हणजे सिग्नल वाटून देणारे जोड, एकामागे एक. दोन वाटे करणारा प्रत्येक स्प्लिटर साडेतीन डीबीच्या आसपास खातो. शिवाय गच्चीवरच्या कनेक्टरमधली तार काळी पडलेली.

दुपारच्या पानाचा फोटो पाठवून त्या मुलाला दोन वाजताच बोलावलं. भर उन्हात आला बिचारा, आधी मठ्ठा दिला. आकडे पाहिल्यावर तो काही बोलला नाही, सरळ गच्चीवर गेला. वरच्या मजल्यासाठीचा स्प्लिटर काढला, कनेक्टर नवा बसवला. आता भर दुपारी उणे ७ दिसतं आणि बॅच न तुटता होते.

गच्चीवरचा तो जोड पावसाआधी पत्र्याखाली घ्यायचा आहे. त्यात पाणी शिरलं तर जुलैत नेट रात्रीही जाईल.