गॅमा मँगनीज डायऑक्साईड: रुंद पीक म्हणजे बारीक कण नव्हे

भिंतीवरच्या घड्याळातला सेल फोडला की आतून जो काळा लगदा निघतो, त्यात मुख्यतः मँगनीज डायऑक्साईड असतो. आपल्या भागात या पदार्थाला तोटा नाही. मनसर, कांद्री, गुमगाव या खाणी नागपूर जिल्ह्यातच आहेत. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचा डायऑक्साईड खनिज सेल बनवणाऱ्यांकडे जातो आणि मॉईल या सरकारी खाण कंपनीचा इलेक्ट्रोलिटिक (विजेने बनवलेल्या) मँगनीज डायऑक्साईडचा, म्हणजे ईएमडीचा, कारखानाही तिथेच आहे. त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला इथली पोरं हमखास हाच पदार्थ घेतात. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा आलेख, काढतात, त्यातल्या शिखरांच्या (पीकच्या) रुंदीवरून कणांचा आकार देणारं शेररचं सूत्र लावतात आणि 'कणांचा आकार ३ नॅनोमीटर' असं लिहून मोकळी होतात. ते उत्तर चूक असतं. का चूक, ते नीट सांगावंसं वाटतं.

मँगनीजभोवती सहा ऑक्सिजनचा अष्टफलक असतो. हे अष्टफलक कडेला कड लावून साखळ्या करतात. साखळीची लांबीच्या दिशेची पुनरावृत्ती जवळपास २.८७ ऑंगस्ट्रॉम असते. डायऑक्साईडचे दोन खनिज प्रकार घ्या. पायरोल्युसाईटमध्ये साखळी एकेरी, म्हणून मधला बोगदा अरुंद. रॅमस्डेलाईटमध्ये साखळी दुहेरी, म्हणून बोगदा दुप्पट रुंद. ईएमडी, म्हणजेच गॅमा प्रकार, मात्र दोन्हीपैकी एकही नाही. त्यात एकेरी आणि दुहेरी साखळ्यांचे थर काही नेम नसल्यासारखे एकमेकांत गुंफलेले असतात: दुहेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी, पुन्हा एकेरी. हे चित्र द वोल्फ यांनी १९५९ मध्ये मांडलं, म्हणून याला द वोल्फ डिसऑर्डर म्हणतात. हा विस्कळीतपणा सेलच्या कामाचा आहे, कारण डिस्चार्ज होताना प्रोटॉन याच बोगद्यांतून आत शिरतात आणि रुंद बोगद्यात त्यांना वाट सोपी जाते. शुद्ध पायरोल्युसाईट सेलमध्ये सुस्त असतो, तो त्यामुळेच.

आता एक्सआरडीचा पॅटर्न समोर घ्या, कॉपर ट्यूबच्या के-आल्फा किरणांचा. २२ अंशांच्या आसपास एक पसरट, बुटका उंचवटा दिसतो. ३७, ४२.५ आणि ५६ अंशांजवळची पीक त्यामानाने बरीच रेखीव असतात. २२ च्या पीकची रुंदी ३ अंश धरली तर शेरर २.७ नॅनोमीटर देतो. ५६ च्या पीकची १ अंश धरली तर ९ नॅनोमीटर. एकाच पुडीतले तेच कण दोन मापांचे कसे होतील? काही पीक एकेरी-दुहेरी थरांच्या क्रमावर अवलंबून असतात, तीच पसरतात. ऑक्सिजनची रचना आणि साखळीची लांबी दोन्ही प्रकारांत जवळपास सारखी असते, म्हणून त्यांच्यावर आधारलेली पीक शाबूत राहतात. कोणतं पीक रुंद आणि कोणतं नाही, हीच खरी माहिती. सरासरी काढली की ती पुसली जाते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे रिटवेल्डमध्ये, म्हणजे गणिती पॅटर्न मोजलेल्या पॅटर्नशी जुळवण्याच्या पद्धतीत, पायरोल्युसाईट आणि रॅमस्डेलाईट असे दोन फेज टाकून टक्केवारी काढणं. दोन वेगळ्या पुडी खलात मिसळल्या असत्या तर २१.८ आणि २८.७ अंशांवर दोन स्वतंत्र पीक आली असती. गुंफणीत तसं होत नाही. एकच पीक येतं आणि एकेरी थरांचं प्रमाण वाढेल तसं ते २१.८ वरून मोठ्या कोनाकडे सरकतं. त्यासाठी डिफॅक्स किंवा फुलप्रॉफसोबत मिळणारा फॉल्ट्स हा प्रोग्रॅम वापरा. त्यात थर द्यायचे, एका थरानंतर कोणता थर येण्याची शक्यता किती ते द्यायचं आणि येणारा पॅटर्न आपल्या पॅटर्नशी ताडून बघायचा.

पण त्याआधी ५६ अंशांकडे बघा. आदर्श रॅमस्डेलाईटमध्ये ५५.३ आणि ५६.८ अंशांवर जोडी असते. सूक्ष्म जुळेपणा, म्हणजे मायक्रोट्विनिंग, वाढला की ही जोडी जवळ येत एक होते. जुळेपणामुळे २२ चं पीकही हलतं, म्हणून तो आधी ठरवायचा आणि मगच थरांचं प्रमाण. शाब्रे आणि पानतिए यांनी १९९५ मध्ये हीच पद्धत घालून दिली.

मोजणीत काय बिघडतं, तेही बघू. कॉपरचे ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण मँगनीजला प्रतिदीप्त करतात, कारण त्याची के-कड, म्हणजे त्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, ६.५४ वर आहे. पार्श्वभूमी वर चढते आणि २२ चा उंचवटा त्यात बुडतो. लोखंडाच्या नमुन्यांना चालते म्हणून कोबाल्ट ट्यूब सुचवली जाते, पण कोबाल्टचे किरण ६.९३ चे, म्हणजे मँगनीजच्या कडेच्या वरच. तिथे प्रश्न सुटत नाही. ग्रॅफाईट मोनोक्रोमेटर लावा, किंवा डिटेक्टरची खालची मर्यादा ५.९ च्या वर घ्या. १० ते ८० अंश, ०.०२ ची पायरी, प्रत्येक पायरीला किमान ५ सेकंद. घाईच्या स्कॅनमध्ये पसरट पीकचा मध्य सापडत नाही.

पीक किती सरकलं यावर सगळं उभं आहे, म्हणून कोन तपासायला अंतर्गत मानक, म्हणजे नमुन्यात मिसळलेला, पीकच्या जागा माहीत असलेला पदार्थ, लागतं. नमुना ०.१ मिलिमीटर वर-खाली बसला तरी २०० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रावर ०.०५ अंशांहून जास्त फरक पडतो. सगळे सिलिकॉन घालतात, पण त्याचं २८.४४ चं पीक पायरोल्युसाईटच्या २८.७ ला झाकतं. लँथॅनम हेक्साबोराईडचं पहिलंच पीक २१.४ वर, म्हणजे नेमकं आडवं. कुरुंदाची पूड चांगली: २५.६ आणि ३५.२ ला मोकळी जागा आहे. एक स्कॅन मानकासह, एक त्याविना घ्या. सेलमधून काढलेली पूड असेल तर २६.५ चं पीक ग्रॅफाईटचं असतं, ते डायऑक्साईडच्या नावावर लावू नका. पूड अगेटच्या खलात हातानेच, हळू वाटा. बॉल मिलमध्ये तासन् तास फिरवली तर मूळ विस्कळीतपणा मोजताय की मिलने केलेला, हे कळणार नाही.

एक्सआरडीत न दिसणारा आणखी एक दोष आहे: मँगनीजच्या रिकाम्या जागा. रुएत्ची यांच्या १९८४ च्या मॉडेलप्रमाणे चार-धन मँगनीजचा एक अणू गायब असेल तर त्याच्या जागी चार प्रोटॉन ऑक्सिजनला चिकटून बसतात. चार-धनच्या जागी तीन-धन मँगनीज असेल तर एक. हे प्रोटॉन तापवल्यावर पाणी होऊन निघतात, म्हणून टीजीए, म्हणजे तापवत वजनातली घट मोजण्याची चाचणी, करा. नागपूरच्या पावसाळ्यात उघडी पूड हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे आधी १०५ अंश सेल्सिअसला वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करा. त्यानंतर ४०० पर्यंतची घट मुख्यतः आतल्या पाण्याची. ५०० च्या पुढे ऑक्सिजन जातो: शुद्ध डायऑक्साईडचा डायमँगनीज ट्रायऑक्साईड (Mn₂O₃) होताना घट ९.२ टक्के बसायला हवी. कमी बसली तर नमुन्यात तीन-धन मँगनीज आहे किंवा दुसरं काही मिसळलं आहे.

ऑक्सिडेशन स्टेटसाठी टायट्रेशन करा. ०.२ ग्रॅम पुडीला ०.४ ग्रॅम सोडियम ऑक्झॅलेट, विरल सल्फ्युरिक आम्ल, ६० ते ७० अंशांवर, शेवटचा काळा कण पूर्ण विरघळेपर्यंत. उरलेलं ऑक्झॅलेट ०.१ नॉर्मल परमँगनेटने मोजा. शुद्ध डायऑक्साईडला साधारण १३.७ मिलिलिटर लागतात. उकळू देऊ नका, ऑक्झॅलिक आम्ल तुटतं आणि आकडा फसवा येतो. एकूण मँगनीज वेगळं काढावं लागतं, त्याशिवाय हे टायट्रेशन अर्धंच.

लिथियमच्या प्राथमिक सेलसाठी ईएमडी ३५० ते ४०० अंशांवर भाजतात. तिथे पाण्याचा अंश चालत नाही, आणि भाजताना दुहेरी थर एकेरीकडे वळू लागतात. नमुना उथळ बोटमध्ये, म्हणजे होडीच्या आकाराच्या भांड्यात, पातळ पसरा. ढीग केला तर वरची पूड बदलते आणि खालची तशीच राहते, मग पॅटर्नमध्ये दोन्हींची खिचडी दिसते. भाजल्यावर ३३ अंशांजवळ नवं पीक उगवलं असेल तर तो डायमँगनीज ट्रायऑक्साईड आहे: भट्टी ५०० च्या वर गेली होती, थर्मोकपल नमुन्यापासून किती दूर आहे ते आधी बघा.