माझा अनुभव : कर्नल पडतो, पण पुरावा ठेवत नाही

आमचा सर्व्हर लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका बगमुळे पडत होता. तो बग दुरुस्त करायला एक दुपार पुरली. पकडायला पाच आठवडे लागले, आणि त्यातले तीन सर्व्हर विभागाच्या एका फॉर्मने खाल्ले.

आमचा बिल्ड सर्व्हर (सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवणारं मशीन) सोर्स एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फाइल सिस्टिमवरून वाचतो. दरवेळी नेटवर्कवर जायला नको म्हणून ती जोडताना (माउंट) 'एफएससी' हा कॅशचा पर्याय दिलेला. एकदा वाचलेलं कर्नलचा 'कॅशेफाइल्स' हा भाग स्थानिक डिस्कवर ठेवून देतो. कर्नल ५.१०. रात्री बिल्ड ऐन रंगात आला की मशीन आडवं. सकाळी स्क्रीनवर फक्त शेवटच्या काही ओळी, कामाच्या ओळी वर सरकून गेलेल्या. प्रिंटके, म्हणजे कर्नलमध्ये मजकूर छापणाऱ्या ओळी, टाकून बघितलं, तर चार दिवस क्रॅशच नाही! वेळेचं गणित बदललं की असले बग दडी मारतात.

मग क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची प्रत, म्हणजे डंप हवा; तो घेणारी सोय म्हणजे केडंप. त्याला बूट होतानाच मेमरी राखून ठेवावी लागते. म्हणजे रीबूट. म्हणजे फॉर्म. 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात मी भाबडेपणाने लिहिलं, 'सर्व्हर पडल्यावर डंप मिळेल.' फॉर्म परत: सर्व्हर पडणं अपेक्षित असेल तर मंजुरी नाही. अहो, तो तसाही पडतोच आहे! दुसऱ्यांदा 'पर्यायी योजना' रिकामी म्हणून परत. तिसऱ्यांदा त्यांच्या टेबलाशीच जाऊन बसलो.

एवढं करून पहिला डंप अर्धवट. कॅश आणि डंप एकाच 'व्हार' पार्टिशनवर, आणि मूळ सेटिंगमध्ये कॅशेफाइल्स मोकळी जागा ५ टक्क्यांखाली जाईपर्यंत जुनं काढायला घेतच नाही. म्हणून डंपला जागा पुरली नाही. डंपची जागा वेगळी ठेवा. खरं तर हे आधी सांगायला हवं होतं.

त्याच रीबूटमध्ये स्लब-डीबग (मोकळ्या केलेल्या मेमरीत ठरावीक खूण भरणारी तपासणी) चालू करून घेतलं होतं, ते कामी आलं. दुसऱ्या डंपमध्ये पॉइंटरच्या (मेमरीतल्या पत्त्याच्या) जागी ६बी६बी६बी ही खूण, म्हणजे आधीच मोकळी केलेली मेमरी. फाइलची मेमरीतली नोंद (आयनोड) जाताना तिच्या कॅशची नोंद (कुकी) सोडली जात होती, पण त्या कुकीवरचं एक वाचन डिस्ककडून परतायचं बाकी असे. वाचन सुरू होताना कुकीच्या वापरकर्त्यांची मोजणी (संदर्भ) एकने वाढवली, संपल्यावर कमी केली. वाचनात त्रुटी येऊन मध्येच बाहेर पडतानाही ती कमी करायची असते, हे मी पहिल्या खेपेला विसरलो.

२०२२ च्या ५.१७ कर्नलमध्ये एफएसकॅश, म्हणजे कॅशेफाइल्सच्या वरची कॅशची यंत्रणा, बहुतांशी नव्याने लिहिलं गेलं, त्यामुळे नव्या कर्नलवर हा कोड शोधू नका.

सध्या ही दुरुस्ती (पॅच) घातलेल्या कर्नलसाठी तोच फॉर्म भरतोय. अपेक्षित परिणाम: काहीही होणार नाही.