वार्नम्युंडेची विवस्त्र पुळण

जर्मनीतल्या रोस्टॉकहून लोकलनं वार्नम्युंडेला उतरलं की बहुतेक लोक दीपगृहाकडे वळतात. मैत्रीण आणि मी पुळणीवरून पश्चिमेला चालत निघालो. इथली पुळण चांगली ऐसपैस आहे. वेताच्या छपरी खुर्च्यांमध्ये माणसं वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. पुढे खुर्च्या विरळ झाल्या आणि ‘एफकेके’, म्हणजे ‘मुक्त देह संस्कृती’ या जर्मन शब्दाचं लघुरूप, लिहिलेली पाटी आली. पलीकडे जवळपास कुणाच्याच अंगावर कपडे नव्हते.

नजर गेली ती म्हाताऱ्या बायकांकडे. सत्तरी ओलांडलेल्या, पोटावर शस्त्रक्रियांचे व्रण असलेल्या, गुडघाभर पाण्यात गप्पा मारत उभ्या. एकीचा एक स्तन काढलेला होता. तिनं तो भाग झाकला नव्हता आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. वय झालेलं बाईचं शरीर मी असं कधीच पाहिलं नव्हतं, अगदी आईचंही नाही. मला भरून आलं.

जर्मनीत विवस्त्र वावरण्याची ही चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, पण बाल्टिक समुद्राच्या या किनाऱ्यावर ती फोफावली पूर्व जर्मनीच्या काळात. 1954 मध्ये सरकारनं इथं विवस्त्र पोहण्यावर बंदी घातली. लोक काही ऐकेनात, तेव्हा 1956 मध्ये ठरावीक किनाऱ्यांवर परवानगी द्यावी लागली. एकीकरणानंतर पश्चिमेकडचे पर्यटक आले, त्यांना हे खटकलं, वादही झाले. आता रोस्टॉकच्या नियमांनुसार विवस्त्रांच्या भागात कपडे घालून बसणाऱ्याला तिथून उठायला सांगता येतं. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. सगळे विवस्त्र असताना कुणाला संकोच वाटत नाही. एकजण कपड्यात बसून बघायला लागला की सगळ्यांना अंग चोरावंसं वाटतं.

“अगं, पंचा अंथर आधी, उघड्या अंगानं कुठं टेकायचं नाही,” मैत्रीण म्हणाली. एवढं पथ्य सगळेच पाळतात. फोन पिशवीतच ठेवायचा, फोटोचं तर नावच नको. मी कपडे काढले आणि थेट पाण्यात शिरले. पाणी चांगलंच गार. पण बाल्टिक फारसा खारट नाही, त्यामुळे डोळे झोंबत नाहीत. ओल्या कापडाचा चिकटा नसलेलं ते पोहणं मला इतकं आवडलं की मैत्रिणीनं हाका मारल्या तरी बाहेर येववेना.

जायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये जा आणि पाट्या नीट वाचा, कारण कुत्र्यांसाठीचा भाग वेगळा असतो. पुढच्या वेळी मी बहिणीला नेणार आहे. तिनं अजून होकार दिलेला नाही.