सोन्यावरचा कोंबडा

वीस फ्रँकच्या फ्रेंच सोन्याच्या नाण्याचे वजन ६.४५ ग्रॅम भरते आणि त्यातले शुद्ध सोने ५.८ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने अर्ध्या तोळ्याहून गुंजभरसुद्धा कमी नाही. १८०३ च्या कायद्याने ठरलेले हे माप १९१४ पर्यंत हलले नाही. त्यावर काय छापायचे याबाबत मात्र फ्रान्सचे एकमत कधी टिकले नाही, आणि मला या नाण्याची गोडी लागली ती त्यामुळेच.

नेपोलियनचीच गंमत पाहा. १८०४ मध्ये तो सम्राट झाला, तरी १८०८ पर्यंतच्या नाण्यांवर एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ अशी अक्षरे गुण्यागोविंदाने नांदत होती. फ्रान्सचे प्रतीक असलेला क्रांतिकाळातला कोंबडा त्याला साम्राज्यापुढे फारच दुबळा वाटला, म्हणून त्याने गरुड पसंत केला; पण या नाण्यावर तो आलाच नाही. गरुड आला तो पुतण्याच्या, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १८६१ साली. मधल्या काळात परतलेल्या जुन्या राजघराण्यातल्या बूर्बाँ राजांनी ढालीवर आपली तीन लिलीची फुले पुन्हा बसवून घेतली होती.

ऑगस्टिन द्युप्रेने क्रांतिकाळात कोरलेली, पाटीवर राज्यघटना लिहिणारी पंखधारी आकृती मला या सर्वांत धीट वाटते, कारण १७९२ च्या सोन्याच्या नाण्यावर तिच्या पाठीमागच्या बाजूला खुद्द सोळाव्या लुईचा चेहरा आहे. पुढे दोन प्रजासत्ताकांनी हीच आकृती वीस फ्रँकवर घेतली. लोक तिला देवदूत म्हणू लागले आणि शुभ मानून नाणे खिशात बाळगू लागले. राज्यघटनेच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते!

१८९९ मध्ये शाप्लँ या कोरक्याने एका बाजूला मुक्ततेची टोपी घातलेली मारियान, म्हणजे प्रजासत्ताकाचे स्त्रीरूप, आणि दुसऱ्या बाजूला छाती काढून उभा असलेला कोंबडा कोरला. कोंबड्याभोवती स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आहेत. कडेवर मात्र ‘देव फ्रान्सचे रक्षण करो’ असे होते. १९०५ मध्ये चर्च आणि शासन कायद्याने विभक्त झाले आणि १९०७ पासून कडेवरचा देव जाऊन तिथेही तीच त्रयी आली. नाणे आडवे ठेवले तर हा बदल दिसतसुद्धा नाही. ते चिमटीत धरून फिरवावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ ते १९६० या काळात, सरकारने हेच कोंबड्याचे नाणे पुन्हा पाडले, आणि त्यावर साल घातले ते १९०७ ते १९१४ मधले. या नाण्यांचे सोने किंचित तांबूस दिसते, त्यावरून जाणकार ती ओळखतात.