आधी पिल्लाची आई दाखवा

कुत्र्याचे पिल्लू विकत घ्यायला निघालेल्या ओळखीच्यांना मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगते: पिल्लू उचलून घेण्याआधी त्याची आई पाहायला मागा, आणि ती जिथे राहते तिथेच जाऊन पाहा. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू गोंडसच दिसते, त्यामुळे त्याच्याकडे पाहून विकणाऱ्याची पारख होत नाही. बेजबाबदार ब्रीडरला, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणाऱ्याला, जे झाकायचे असते, ते बहुतेक सगळे त्या मादीच्या अंगावर दिसते.

पुण्यात ही मागणी टाळण्याच्या सबबी आता ठरून गेल्या आहेत. घर लांब आहे, मादी गावी पाठवली आहे, घरात म्हातारी माणसे आहेत, असे काहीबाही सांगून विकणारा वाकडच्या पुलाखाली किंवा स्वारगेटजवळ पिल्लू आणून देण्याची तयारी दाखवतो. अशा माणसाने ती पिल्ले स्वतः वाढवलेली असतील, असे मला वाटत नाही. पुष्कळदा तो निरनिराळ्या ठिकाणची पिल्ले गोळा करून एकत्र ठेवणारा दलाल असतो आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा धोका नेमका तिथेच वाढतो. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस, कधी त्याहूनही अधिक लागतात. म्हणजे पुलाखाली शेपूट हलवणारे पिल्लू घरी आल्यावर आठवड्याच्या आत उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन कोसळू शकते. तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो.

आई दाखवली, तरी ती खरी आई आहे का हे पाहावे लागते. सहा-आठ आठवड्यांपूर्वी व्यालेल्या कुत्रीचे आचळ ओघळलेले असतात आणि पिल्ले तिच्याकडे धाव घेतात. भरदार अंगाची, चकचकीत केसांची, पिल्लांकडे ढुंकूनही न पाहणारी मादी पुढे आणली, तर ती शेजारच्या पिंजऱ्यातली असण्याची शक्यता अधिक. खऱ्या आईच्या बरगड्या दिसतात का, कोपरांवर कायम फरशीवर पडून घट्टे आले आहेत का, अंगावर गोचीड आहेत का, आणि मुख्य म्हणजे माणूस जवळ आल्यावर ती पुढे येते की कोपऱ्यात दबून बसते, हे नीट पाहावे. बाळंतपणानंतर कुत्री थोडी रोडावते, केसही गळतात, त्यात गैर काही नाही. मालकाचा हात वर होताच ती अंग चोरत असेल, तर मात्र तिथून निघावे.

प्राण्यांच्या छळाला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम झाले, आणि त्यांतही या मादीचा विचार ठळकपणे आहे. अठरा महिन्यांच्या आत तिच्यापासून पिल्ले घ्यायची नाहीत, वय आठ वर्षांच्या पुढे गेल्यावर घ्यायची नाहीत, वर्षातून एकाहून अधिक वेत नको आणि आयुष्यभरात पाचांहून अधिक नकोत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे आणि लगेच विचारावे, 'हिचे हे कितवे वेत? आधीचे कधी झाले?' नोंदी ठेवणारा माणूस वही काढतो, बाकीचे चिडतात.

आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, असेही हेच नियम सांगतात. तरीही आपल्याकडे 'पंचेचाळीस दिवसांचे' हा शब्द जाहिरातींमध्ये सर्रास असतो, आणि तेवढे दिवस खरोखर भरलेले असतीलच असेही नाही. आई आणि भावंडांबरोबरच्या या शेवटच्या आठवड्यांत पिल्लू खेळताना किती जोराने चावायचे ते शिकते. लवकर तोडलेल्या पिल्लांचे चावरेपण पुढे घरातल्या मुलांना भोगावे लागते, आणि मग तेच कुत्रे कोणीतरी सिंहगड रस्त्याला सोडून देतो.

केनेल क्लब, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था, जे कागद देते त्यांविषयी थोडेसे. ते वंशावळ सांगतात, प्रकृती सांगत नाहीत. 'कागदांसह इतके, कागदांशिवाय तितके' असे दोन भाव सांगणाऱ्याकडून तर पिल्लू घेऊच नये. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड घेत असाल, तर खुब्याच्या सांध्याचा दोष आईवडिलांकडून येऊ शकतो, म्हणून त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का ते विचारा. 'हेवी बोन' आणि 'पंच फेस' या जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा त्या एका फिल्मला कितीतरी अधिक किंमत आहे. लसीकरणाच्या कार्डावर लसीचे लेबल, तारीख आणि पशुवैद्याची सही-शिक्का हवा.

सगळ्यात अवघड प्रसंग दयेचा असतो. अंधाऱ्या शेडमध्ये खंगलेले पिल्लू पाहून 'निदान याला तरी सोडवू' असे वाटते, आणि मला ती भावना मनापासून कळते. पण दिलेल्या पैशांनी ती मादी पुन्हा माजावर आली की पुन्हा लावली जाते. तिथले पिल्लू विकत घेऊ नका. पत्ता, तारीख आणि शक्य असेल तर छायाचित्रे घेऊन पोलिसांकडे आणि प्राणी कल्याण मंडळाकडे लेखी तक्रार करा. पिल्लू मेल्यावर पैसे परत मागणारे पुष्कळ भेटतात, पण मादीसाठी तक्रार करणारे फार थोडे, आणि शेडमध्ये मागे राहते ती तीच.