टॉवेल बुडेना

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे विणलेला माल धुऊन-रंगवून तयार करतात तिथं, मी लॅब सांभाळते. मध्यंतरी एका हॉटेलवाल्याकडून अख्खा लॉट परत आला. तक्रार एवढीच की टॉवेल पाणी टिपत नाही, अंगावरचं पाणी नुसतं इकडून तिकडे सरकवतो. शेठ तापले. "शंभर टक्के कॉटन आहे. पाणी पिणार नाही तर काय करणार?"

त्यांच्यासमोरच एक तुकडा कापून पाण्यावर ठेवला. कापूस पाण्याच्या दीडपट जड, त्यामुळे चांगला टॉवेल काही सेकंदांत तळाला जातो. हा तरंगतच राहिला. पाणी आत शिरेना, म्हणून धाग्यांतली हवा बाहेर पडेना. वरून थेंब सोडला तर तोही गोल बसून राहिला.

अशा वेळी पहिला संशय स्कॉवरिंगवर, म्हणजे रंगाआधीच्या धुलाईवर. कच्च्या कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा थर असतो. वजनात टक्काभर भरेल न भरेल, पण पाणी अडवायला तेवढा पुरतो. कॉस्टिकच्या उकळीत तो काढला नाही तर पुढचं सगळं बिघडतं. डाईंग मास्तर मात्र शांत. "मॅडम, मेण राहिलं असतं तर रंग असा सारखा बसला असता का?" बोलणं खरं होतं. शेड जुळवायला त्यांनी सॉफ्टनर लागण्याआधीचे तुकडे बाजूला ठेवले होते. त्यातला एक पाण्यात सोडला, तो सरळ बुडाला.

म्हणजे दोष सॉफ्टनरचा. मऊपणासाठी शेठनी नुकताच नवा सिलिकॉन आणला होता.

कापसाचा तंतू सेल्युलोजचा, आणि त्याच्या अंगभर हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे थोडा ऋणभार, हायड्रोजनकडे थोडा धनभार, त्यामुळे दोघांची चटकन गाठ पडते. सिलिकॉनच्या रेणूच्या कण्यातही ऑक्सिजन असतो, पण तो आत दडलेला. बाहेर तोंड काढून असतात कार्बन-हायड्रोजनचे मिथिल गट, आणि त्यांच्यात पाण्याला धरण्याजोगं फारसं काही नाही. तेल-मेण पाण्याला ढकलतात असं आपण समजतो, खरं तर ढकलत कुणीच नाही. पाण्याचे रेणू एकमेकांनाच जास्त घट्ट धरून बसतात, म्हणून थेंब गोल राहतो. गंमत म्हणजे हाताला जो मऊपणा जाणवतो तोही याच थराचा. त्याच्यामुळे तंतू एकमेकांवरून सहज घसरतात.

पॉलिइथरच्या साखळ्या जोडलेला, पाणी धरणारा सिलिकॉनही मिळतो. त्याचा नमुना करून दाखवला. तुकडा झटक्यात बुडाला. शेठनी दुसऱ्या तुकड्यावरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "पहिल्यासारखा लागत नाही."

परत आलेला लॉट गरम अल्कलीत काढून पाहिला. सिलिकॉन पुरता सुटला नाही, माल पडेल भावात गेला. आता हॉटेलच्या ऑर्डरी पाणी धरणाऱ्या सिलिकॉनवर निघतात. शोरूमच्या मालाला मात्र अजून तो पहिलाच लागतो, कारण तिथं गिऱ्हाईक टॉवेल कोरड्या हातानं निवडतं.